निलंग्याच्या रानात स्वीडनचा जाळ

माझी धाकटी बहीण कुसुम मागच्या वर्षी स्वीडनला जाऊन आली. तिचा मुलगा प्रशांत तिथं नोकरीला आहे. ती परत आल्यावर मी आधाशासारखं विचारलं, "कसा आहे गं देश?" ती म्हणाली, "थंड हाय. आन् भाजी लई महाग." संपलं स्वीडन.

जिनं जन्मात कधी वर्तमानपत्राची घडी उलगडली नाही ती विमानात बसून आली, आणि मी नांदेडच्या दोन खोल्यांत पंख्याखाली बसून त्या देशाचे नकाशे बघत होते. हेवा वाटला. अजून वाटतो. हा सगळा प्रवास मी त्या हेव्यापोटीच केला, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

मी सातवीपर्यंत शिकले. बाकीचं शिक्षण एसटीनं केलं. आमचे मालक नांदेड डेपोत ड्रायव्हर होते. लोक गाडीत मासिकं, पुस्तकं विसरून जात. ती डेपोत पडून राहत, आणि कुणीच न्यायला आलं नाही की हे घरी घेऊन येत. "हे घे, तुझी डाक आली," असं म्हणत. अशाच एका पानं गळालेल्या पुस्तकात मी पहिल्यांदा त्या जाळाबद्दल वाचलं होतं. तीस एप्रिलच्या संध्याकाळी स्वीडनमधली गावंच्या गावं टेकडीवर जमतात, हिवाळ्यात मोडलेल्या फांद्यांचा मोठा ढीग पेटवतात, गाणी म्हणतात आणि वसंताला या म्हणतात. मी ते यांना वाचून दाखवलं होतं. हे म्हणाले, "म्हणजे होळीच की. फक्त दीड महिना लेट." गाडी लेट झाल्यासारखं म्हणाले. हे जाऊन आता चार वर्षं झाली.

तर या एप्रिलमध्ये कुसुमचा फोन आला.

"आक्का, आमच्या इहीणबाई येऊन राहिल्यात स्वीडनहून. प्रशांतची सासू. तीस तारखेला आपल्या रानात जाळ करणार हायत, त्यांच्याकडं करतेत तसा. तू ये. आन् येताना लातूरच्या गोलाईतून एक चांगला खण आण. तुपली नजर चांगली हाय."

माझी नजर चांगली आहे हे ऐकून मी विरघळले. खण कुणासाठी ते विचारलंच नाही.

पहिला दिवस: नांदेड ते लातूर, लातूर ते कुसुमचं गाव

एप्रिलअखेर मराठवाड्यात फिरायचं असेल तर एकच नियम. पहाटेची पहिली गाडी पकडा. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायला साडेतीन-चार तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट आहे, शंभर-सव्वाशेत काम होतं. रस्ता आता पुष्कळ सुधारला आहे. ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली तर घ्या, धक्के कमी बसतात. मी तीच घेते. कारण धक्क्यांचं नाही, पण ते असो.

लोह्याला दोन बायका चढल्या आणि कंडक्टरशी त्यांची जुंपली.

"अर्धं तिकीट हाय तर अर्धीच जागा देतावं का? सरकवा की ती पिशवी!"

"मावशी, पिशवी मपली न्हाई, त्या बाबाची हाय."

"मग त्या बाबाला सरकवा."

अहमदपूरला गाडी थांबली. हे या मार्गावर बरीच वर्षं होते. स्टँडवरच्या चहाला रोज नावं ठेवायचे आणि रोज प्यायचे. मी प्यायले. यांचं बरोबर होतं.

लातूरला उतरून आधी गंजगोलाईत गेले. बाहेरून येणाऱ्यांनी ही बाजारपेठ बघायलाच हवी. मधोमध देऊळ, भोवती गोल दुकानं आणि चहूकडे फुटलेले रस्ते. कुठल्या रस्त्यानं आत आलो ते लक्षात ठेवा, नाहीतर फिरत राहाल. खणांच्या दुकानात मी तासभर बसले. शेवटी एक हिरवा काढला, डाळिंबी काठाचा, आत बारीक बुट्टी. माझ्या अंगावर कसा दिसेल असा विचार मनात आला आणि मी तो घडी घालून पिशवीत टाकला. दुकानदाराशी घासाघीसही केली नाही.

लातूरहून औशामार्गे निलंग्याकडं जाणारी गाडी धरली. कुसुमचं गाव किल्लारी फाट्याच्या पुढं आत आहे. फाट्यावर जीप उभ्या असतात, भरल्याशिवाय हलत नाहीत. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं गाव, त्यामुळं रस्ते रुंद, घरं ओळीत, आणि प्रत्येकाला मोकळं अंगण.

कुसुमच्या अंगणात बायका जमल्या होत्या. मध्ये पाट, पाटावर एक उंच गोरी बाई मांडी घालायचा प्रयत्न करत बसलेली. गुडघे खाली जात नव्हते. कपाळावर मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. या कारीनबाई. ती बांगड्या वाजवून बघत होती आणि लहान पोरीसारखी हसत होती.

कुसुम फाटकापर्यंत पळत आली. मला वाटलं मला भेटायला आली. तिनं माझ्या पिशवीत हात घातला.

"आणलास का? दे लवकर, सगळ्या थांबल्यात."

आणि माझा हिरवा खण, नारळ आणि तांदूळ घालून, माझ्या डोळ्यांदेखत कारीनबाईंच्या ओटीत पडला.

मी फाटकाशीच उभी राहिले. आमच्याकडं ओटी सवाष्णीची भरतात. नवरा गेला की बाईची ओटी भरत नाहीत, कुंकू लावत नाहीत, हळदीला पुढं बोलवत नाहीत. तिची जागा मागं, भिंतीकडं. दोन वर्षांपूर्वी लातूरला प्रशांतचं लग्न झालं तेव्हा हळदीच्या वेळी मी जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्या मोजत बसले होते. मला कुणी जा म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. कुसुम तिथून दोनदा गेली, दोन्ही वेळा तिला पाण्याच्या जारची काळजी होती.

आणि त्या लग्नाला कारीनबाई आल्या नव्हत्या, कारण तिकडं त्यांचे यजमान फार आजारी होते. त्याच हिवाळ्यात ते वारले. मला हे कुसुमनंच फोनवर सांगितलं होतं.

शेजारच्या भागामाय, गावातल्या सगळ्यांत जुन्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "इहीणबाई, तुमचं मालक कसं हायत आता?"

प्रशांत दुभाष्या म्हणून उभा होता. त्यानं आईकडं बघितलं. कुसुमनंच उत्तर दिलं.

"आजारीच हायत माय. हलता येत न्हाई. म्हून तर एकट्या आल्या."

मेलेल्या माणसाला कुसुमनं दोन वर्षं आजारी ठेवलं होतं.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी शेजारी जाऊन बसले.

"कुसुम, तिचा नवरा कधी उठला गं?"

"आक्का, हळू बोल. कशाला गावाला सांगायचं? पाहुणी हाय. सात समुद्र वलांडून आली. तिला काय भिंतीकडंला बसवू का?"

"बसवायचं नाही ना? बरोबर आहे."

"मग?"

"मग काही नाही."

ती तव्यावरच्या भाकरीला पाणी लावत होती. तशीच खाली बघत म्हणाली, "तुझं सगळ्यांला ठाव होतं ना आक्का. दाजींच्या दहाव्याला अर्धं गाव आलतं. तुझं कसं झाकणार?"

हे खरंच होतं. तरी त्या रात्री कूलरची घरघर ऐकत मी एकच गोष्ट घोळवत पडले. माझ्यासाठी खोटं बोलायची कुणाला इच्छाही झाली नव्हती.

दुसरा दिवस: ढीग आणि जाळ

पाहुण्यांसाठी सूचना. मराठवाड्यातल्या रानात या दिवसांत सकाळी नऊनंतर काही करता येत नाही. टोपी, रुमाल, मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. प्रशांतची बायको एलिन पहिल्याच दिवशी उन्हानं आडवी झाली होती. ती कूलरसमोरून उठलीच नाही.

कारीनबाई मात्र उजाडायच्या आत उठून फाटकात उभ्या होत्या. डोक्यावर बालाजीरावांचं, म्हणजे कुसुमच्या यजमानांचं उपरणं, हातात कातडी हातमोजे. मोजे इतके मोठे की बोटांची टोकं रिकामी लोंबत होती.

बालाजीरावांनी रानात तुराट्या, बाभळीच्या फांद्या आणि उसाचं पाचट यांचा पुरुषभर उंच ढीग दोन महिन्यांपासून रचून ठेवला होता. असंही ते धसकटं-काड्या पेरणीआधी जाळतातच. कारीनबाईंनी ढिगाभोवती फेरी मारली आणि प्रशांतला काहीतरी सांगितलं. प्रशांत डोकं खाजवत म्हणाला,

"त्या म्हणतायत, हा सगळा ढीग आधी उचलून दुसरीकडं रचायचा. आजच. त्यांच्याकडं असंच करतात. ढीग बरेच दिवस पडून असतो, त्यात जनावरं राहायला येतात. काटे असलेलं एक छोटं जनावर असतं, ते जळून मरतं."

बालाजीराव मोठ्यानं हसले. "पुन्ना रचायचा? आरं जाळायचाच हाय की त्यो! सांग त्यांला, हितली जनावरं शहाणी हायत. जाळ दिसला की पळतेत."

प्रशांतनं सांगितलं की नाही ठाऊक नाही. कारीनबाईंनी वाकून पहिली तुराटी उपसली.

बाकी सगळे बघत राहिले. मी गेले. मला जनावरांची दया आली असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मला ती बाई जवळून बघायची होती. माझा खण जिच्या ओटीत गेला ती बाई कशी आहे, हे मला बघायचं होतं.

ती कामाला वाघीण होती. उपसायची, पलीकडं न्यायची, जाड लाकूड खाली, बारीक वर, मध्ये हवेला जागा. काम करता करता गुणगुणायची. मी वस्तू दाखवायची, ती तिच्या भाषेत नाव सांगायची, आणि दोघी लगेच विसरून जायचो. एकदा मी तिच्या मोज्यांकडं बोट दाखवलं. तिनं मोजे काढून माझ्या हातात दिले. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, दोन्ही तळवे गालाखाली घेऊन डोळे मिटले आणि हात मोकळे केले. त्याचे मोजे होते.

मी माझ्या मोकळ्या गळ्यावर हात ठेवला आणि तसेच डोळे मिटले. तिला लगेच कळलं. तिनं मान हलवली. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं होतं, आणि ते कशाचं आहे याची तिला काही कल्पना नव्हती. मला तिचा राग येईना, आणि हेवाही कमी होईना. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

ढीग अर्ध्यावर आला तेव्हा तिच्या हाताखालून फडफड करत एक तित्तूर उडाली. आम्ही दोघी मागं पडलो, कारीनबाई पाचटात आणि मी त्यांच्यावर. खाली मातीत खळगा, त्यात फिकट अंडी. बालाजीराव पळत आले. वाकून बघितलं. मग स्वतःच म्हणाले, "ह्ये एवढं कोपऱ्यातलं न्हाऊ द्या. वरून चार काड्या ठिवा." नवा ढीग त्यांनी आणखी लांब सरकवायला लावला, आणि उरलेलं रचायला दोन गडीही हाताशी दिले. तित्तूर पुन्हा खळग्यावर आली का ते मला माहीत नाही. आम्ही तिकडं परत गेलो नाही.

दिवसभर ऊन. संध्याकाळी वारा पडल्यावर जाळ करायचं ठरलं. ज्यांना आपल्या रानात असं काही करायचं असेल त्यांनी लक्षात ठेवावं. बालाजीरावांनी भोवतीनं रुंद पट्टा नांगरून घेतला होता, पाण्याचा टँकर आणून उभा केला होता, आणि शेजारच्या उसाच्या बाजूला चार माणसं ओल्या पोत्यांसह बसवली होती. एवढी तयारी नसेल तर काडी ओढू नका.

सूर्य बुडता बुडता अर्धं गाव रानात आलं. पोरांनी होळी समजून डफ आणला. भागामायनं नारळ आणला.

"आता कशाला गं शेकोटी? थंडी वाजून राहिली का बाईला?" एकीनं विचारलं.

"वसंत येतोय म्हणतेत."

"आता? आपला तर आंबा मोहरला, गळला, कैऱ्या धरल्या. ह्यांचा कुठं अडकला हुता?"

प्रशांतनं सांगितलं की स्वीडनमध्ये या दिवसांत कधी कधी बर्फही असतो. जाळासमोर तोंड भाजतं आणि पाठ गारठते. पूर्वी गुरं रानात सोडायच्या आधी जंगली जनावरं लांब जावीत म्हणून असा जाळ करत. लोकांनी माना डोलावल्या. गुरांचं सगळ्यांना पटलं.

"आणि पेटवायच्या आधी एक माणूस चार शब्द बोलतो," प्रशांत म्हणाला. "मम्मींच्या गावात हे काम पप्पा करायचे. आता मम्मी करतात."

कारीनबाई टेंभा घेऊन पुढं आल्या. साधं पातळ नेसलेल्या, कुसुमनं नेसवलेलं, निऱ्या एका बाजूला घसरलेल्या. त्या बोलू लागल्या आणि प्रशांत एकेक वाक्य मराठीत सांगू लागला. हिवाळा लांब होता. अंधार फार होता. आपण सगळे त्यातून बाहेर आलो. मग त्यांनी एक वाक्य म्हटलं, त्यात "लार्स" हा शब्द होता. त्यांचा आवाज जरा खाली गेला.

प्रशांत थांबला. त्यानं आईकडं बघितलं. कुसुमनं मान अगदी थोडी हलवली. नको.

"त्या म्हणतात..." प्रशांत म्हणाला. "त्यांचे मिस्टर... म्हणजे हा ढीग ते रचायचे..."

सगळे वाट बघत होते. मला कळलं की आता तो काहीतरी गोड बनवून सांगणार, आणि तो माणूस आणखी दोन वर्षं आजारी राहणार.

"वारले," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. तेच सांगतेय ती."

मोठ्यानं म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. खोटं सहन झालं नाही म्हणून मी बोलले असं लिहिलं तर छान दिसेल. पण त्या क्षणी मला फक्त ती माझ्या शेजारी, भिंतीकडं, यायला हवी होती.

डफ थांबला. भागामायनं नारळ खाली ठेवला.

"आगं कुसुम," त्या म्हणाल्या, "काल तर वटी भरलीस की तिची. माझ्या म्होरं."

कुसुमचं तोंड उतरलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी "श्शू" केलं. आणि त्या सगळ्यात कारीनबाई, ज्यांना एक शब्दही कळला नव्हता, माझ्याकडं वळल्या. त्यांना वाटलं मी त्यांचं वाक्य लोकांना समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आभार मानावेत तसा. मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

त्यांनी प्रशांतला काहीतरी विचारलं. प्रशांत माझ्याकडं न बघता म्हणाला, "मावशी, त्या विचारतायत, तुमच्या मालकांचं नाव काय? त्यांच्याकडं जाळ करायच्या आधी गेलेल्या माणसांची नावं घेतात. त्या म्हणतात, ढीग तुम्ही दोघींनी रचला, तर दोन्ही नावं घ्यायची."

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लग्नात, हळदीकुंकवाला, बायका "नाव घे, नाव घे" करून मागं लागतात तेव्हाच उखाण्यात गुंफून घेते. त्यातही मी लाजायची नाही, मला चांगले जुळवता यायचे. चार वर्षांत मला कुणी नाव घे म्हटलेलं नव्हतं. कोण म्हणणार? आणि इथं, भर रानात, सगळ्या गावासमोर, एक परकी बाई टेंभा धरून वाट बघत होती.

जुळवायला काही सुचलं नाही. मी नुसतंच म्हटलं, "माणिकराव."

"मोठ्यानं घे गं," भागामाय म्हणाल्या. "कान गेले माझे."

"माणिकराव!"

प्रशांतनं दोन्ही नावं घेतली. लार्स. माणिकराव. कारीनबाईंनी वाकून टेंभा लावला. तुराट्यांनी क्षणात पेट घेतला, नव्या ढिगात हवा खेळत होती. ज्वाळा बाभळीच्या शेंड्याएवढ्या चढल्या. पोरांनी तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकली. कारीनबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनीही बोंब मारली, आणि सगळं रान हसलं. भागामायनं नारळ टाकला. कुणी त्यांना अडवलं नाही, मग मीही पुढं होऊन एक काडी टाकली.

टेंभा कारीनबाईंच्या हातात होता, माझ्या हातात एक काडी. हे मी तिथं उभी राहूनही मोजत होते.

कुसुम माझ्याजवळ आली. पदर तोंडावर धरलेला.

"झालं समाधान? गावात तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाईस."

"तू मला कुठं ठेवली होतीस?"

ती जाळाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दाजींचं नाव लई दिसानं कानावर आलं."

तिसरा दिवस: निलंगा

कुसुम मला निलंग्यापर्यंत सोडायला आली. निलंग्यात वेळ असेल तर निळकंठेश्वराचं जुनं देऊळ बघा, सकाळी बघा, दगड तापायच्या आधी. भिंतींवरच्या मूर्तींसमोर मान दुखेपर्यंत उभं राहावं लागतं. आणि निलंगा राइस खाल्ल्याशिवाय परत फिरू नका. फोडणीचा भात, सोबत भजी, स्वस्तात पोट भरतं. कुसुम खात होती, मी खात होते, आणि दोघी भाताकडंच बघत होतो.

"इहीणबाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"प्रशांतनं सगळं सांगितलं त्यांला. वटीचं, कुंकवाचं. त्या म्हणल्या, मग मला कामून लावलं आन् आक्काला कामून न्हाई?"

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणू? मला इंग्रजी येतं का?"

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिनं ते भातात लपवलं.

स्टँडवर गाडी लागली होती. मी चढणार तेवढ्यात कुसुम म्हणाली, "थांब," आणि समोरच्या दुकानांच्या गर्दीत शिरली. कंडक्टर डबल बेल द्यायच्या बेतात. ती धापा टाकत आली. हातात जांभळा खण, नारळ, आणि कागदात मूठभर तांदूळ.

"पदर धर."

"इथं?"

"धर म्हणते ना!"

निलंग्याच्या स्टँडवर, केळीवाला, पोलीस आणि शाळेची पोरं यांच्यामध्ये, माझ्या बहिणीनं माझी ओटी भरली. इकडंतिकडं बघत भरली. आम्हाला तिथं कुणी ओळखत नव्हतं.

"वहिनी, नमस्कार-चमत्कार नंतर करा, गाडी थांबत न्हाई," कंडक्टर ओरडला.

"थांबत न्हाई तर जा," कुसुम म्हणाली. "हिचा मालक ड्रायव्हर हुता. तिला नका शिकवू."

गाडी थांबली.

घरी

नांदेडला पोचून आता बरेच दिवस झाले. या प्रवासाचा खर्च फार नाही, दगदग पुष्कळ आहे. उन्हाळ्यात जायचं असेल तर तब्येत सांभाळून जा. आणि कुणाकडं परदेशी पाहुणे येणार असतील तर जाऊन बघा, आपलीच माणसं नव्यानं दिसतात.

हेवा गेला का, असं मला एका वाचणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं. नाही गेला. कारीनबाई परत गेल्या. पुढच्या तीस एप्रिलला त्या त्यांच्या टेकडीवर उभ्या राहतील, आणि त्यांच्याकडं टेंभा देताना कुणी इकडंतिकडं बघणार नाही. गाव त्यांना दरवर्षी लार्सचं नाव घ्यायला सांगेल. मला पुन्हा कोण सांगेल? त्यांची ओटी अंगणात भरली, पाटावर बसवून, चार बायकांसमोर. माझी स्टँडवर, अनोळखी लोकांत, गाडी सुटायच्या घाईत. मिळालं ते मला आवडलं. जसं मिळालं ते अजून टोचतं. घरात कुणी नसताना मी यांचं नाव मोठ्यानं घेऊन बघितलं. रानात वाटलं तसं वाटलं नाही. नाव ऐकायला माणसं लागतात.

खण शिवायला टाकला आहे. शिंपीण म्हणाली, "मावशी, या वयात जांभळा?" मी म्हटलं, बाह्या कोपरापर्यंत ठेव, काठ नीट दिसला पाहिजे.

श्रावणात कुसुमच्या गावात सप्ताह असतो. सगळ्या बायका तिच्या अंगणात जेवायला बसतात. तो खण अंगात घालून मी तिथं जाणार आहे, आणि भिंतीकडं न बसता मधल्या पंगतीत बसणार आहे. भागामाय विचारणार, "खण कुणी दिला गं?" त्या विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत. तेव्हा मी काही बोलणार नाही. घास तोंडात धरून कुसुमकडं बघत राहीन. ते उत्तर तिचं आहे.